नियमांची मात्रा आणि लहान इमारत

रुग्णाची नाडी पाहावी, छातीला नळी लावावी, रक्त तपासावे आणि औषध लिहून द्यावे, अशी आम्हा डॉक्टरांची रीत आहे. रुग्ण ज्या खोलीत निजतो ती खोली पाहण्याची रीत मात्र नाही. वास्तविक पुष्कळ आजारांचे मूळ त्या खोलीतच असते. बंद खोलीत दमा बळावतो, अंधाऱ्या खोलीत क्षयाचे जंतू अधिक काळ तग धरतात, एका खोलीत दहा माणसे निजली की खरूज एकाची दहा जणांना होते, आणि चौथ्या मजल्यावर लिफ्टवाचून राहणाऱ्या वृद्ध आईचे गुडघे कोणत्याही गोळीने बरे होत नाहीत. म्हणूनच बांधकामाचे नियम हा केवळ अभियंत्यांचा आणि महापालिकेच्या कारकुनांचा विषय आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. हे नियम म्हणजे प्रतिबंधक औषध होय. आणि औषध म्हटले की मात्रेचा प्रश्न आलाच. मोठ्या माणसाची मात्रा तान्ह्या मुलास दिली तर ते दगावते, आणि मुलाची मात्रा मोठ्यास दिली तर रोग हटत नाही. आज लहान इमारतींच्या बाबतीत या दोन्ही चुका एकाच वेळी घडत आहेत. त्यांचा विचार आपण आखातात राहणाऱ्या आणि मायदेशी घर घेणाऱ्या कुटुंबांनी अवश्य करावयास हवा.

लहान इमारत म्हणजे तीन-चार मजल्यांची, आठ-बारा बिऱ्हाडांची इमारत. आपल्या समाजाच्या दृष्टीने तिचे महत्त्व विशेष आहे. भाड्याचे घर मागावयास गेले की आधी आडनाव विचारले जाते, हा अनुभव अद्याप संपलेला नाही. त्यामुळे रेल्वे, टपाल, बँक आणि शाळा यांत नोकरी करणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनी चार मित्र एकत्र येऊन, लहानसा भूखंड घेऊन सहकारी संस्थेची इमारत उभी केली. पन्नास मजली मनोरा बांधण्याचे भांडवल त्यांच्यापाशी नव्हते; तीन मजल्यांचे होते. लहान इमारत बांधणे शक्य राहिले तरच लहान माणूस घराचा मालक होऊ शकतो.

मुंबईतील बांधकाम नियमांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि त्यानंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्तीतील अंधार आणि कोंदट हवा हे रोगाचे घर आहे, हे ओळखून या ट्रस्टने एक साधे सूत्र पुढे आणले. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी त्याचा हिरिरीने पुरस्कार केला. सूत्र असे की, खोलीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेषा ओढली तर तिचा कोन साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक नसावा. व्यवहारात याचा अर्थ एवढाच की, समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निम्मे तरी अंतर मध्ये मोकळे असावे. दहा मीटर उंचीला पाच मीटर मोकळी जागा, वीस मीटरला दहा. या नियमाची खुबी अशी की तो इमारतीच्या आकारमानाप्रमाणे आपोआप लहान-मोठा होतो. लहान इमारतीवर लहान भार, मोठीवर मोठा. औषधाची मात्रा वजनाच्या प्रमाणात द्यावी, तसा हा प्रकार आहे.

याच ट्रस्टच्या परळ येथील पोयबावडीच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या कुटुंबासह अनेक वर्षे राहिले, हे आपणांस ठाऊकच आहे. पुढे १९३० च्या दशकात त्यांनी ट्रस्टच्याच दादर-माटुंगा योजनेतील हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले. त्याच सुमारास भाड्याने देण्याकरिता त्यांनी ‘चार मिनार’ ही दुसरी इमारतही बांधली होती. राजगृहाकडे आपण श्रद्धेने पाहतो. परंतु स्थापत्याच्या भाषेत बोलावयाचे तर ते रुंद रस्त्यांच्या आणि मोकळ्या जागांच्या आखीव वसाहतीतील एक लहान इमारतच आहे. कर्ज काढून का होईना, एक बॅरिस्टर त्या काळी नियमांत बसणारी अशी इमारत बांधू शकला. आज तेवढ्याच भूखंडावर मध्यम स्थितीतील माणसास ती बांधता येईल काय, हा प्रश्न आहे.

थोडा हिशेब मांडू. समजा, बारा मीटर रुंद आणि पंचवीस मीटर लांब असा तीनशे चौरस मीटरचा भूखंड आहे. चारही बाजूंस तीन मीटर सामासिक अंतर सोडावे, असा नियम धरू. उरते सहा मीटर रुंद आणि एकोणीस मीटर लांब जागा, म्हणजे ११४ चौरस मीटर. भूखंडाचा केवळ ३८ टक्के भाग. आता साठ मीटर लांब-रुंद भूखंडावर तोच नियम लावला तर उरते २,९१६ चौरस मीटर, म्हणजे ८१ टक्के. नियम एकच, परंतु एकाचे बासष्ट टक्के गेले आणि दुसऱ्याचे एकोणीस. पुढे जिना आणि लिफ्ट. दोन जिने, त्यांचे चौक आणि लिफ्ट मिळून पस्तीस चौरस मीटर धरले तर लहान इमारतीच्या मजल्याचा तीस टक्के भाग त्यातच खर्ची पडतो. मोठ्या इमारतीत याच्या दुप्पट जागा दिली तरी ती अडीच टक्क्यांच्या आतच राहते. हे आकडे केवळ हिशेबापुरते आहेत आणि प्रत्येक गावचा नियम वेगळा आहे. परंतु त्यांतील तत्त्व सर्वत्र सारखेच: ठरावीक मापाचा नियम मोठ्यास हलका आणि लहानास जड असतो. याशिवाय नकाशा, दाखले, अग्निशमन दलाची ना-हरकत आणि सल्लागारांची फी यांचा खर्च आठ बिऱ्हाडांत वाटला जातो की आठशे बिऱ्हाडांत, हाही फरक आहेच.

अशा वेळी लहान भूखंडाचा मालक तीनपैकी एक मार्ग धरतो. तो जागा मोठ्या बांधकाम व्यावसायिकास विकतो, जागा पडीक ठेवतो, किंवा नियम गुंडाळून ठेवून बांधतो. महाराष्ट्रातील शहरांच्या कडेने उभ्या राहिलेल्या अनधिकृत इमारती या तिसऱ्या मार्गाची फळे आहेत. बांधणाऱ्यांचा लोभ आणि डोळेझाक करणाऱ्यांचा भ्रष्टाचार यांस क्षमा नाही. परंतु कायदेशीर लहान घर महाग झाले म्हणूनच बेकायदेशीर घराला गिऱ्हाईक मिळते, हेही नाकारता येत नाही.

आता आपण राहतो त्या अमिरातीकडे वळू. येथे इमारतींच्या उंचीचे वर्गीकरण सुस्पष्ट आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या अग्निसुरक्षा संहितेनुसार पंधरा मीटरपर्यंतची इमारत ठेंगणी, पंधरा ते तेवीस मीटर मध्यम आणि त्यापुढील उंच गणली जाते, आणि उंचीप्रमाणे साधनसामग्रीची अपेक्षा वाढत जाते. भारताच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत मात्र पंधरा मीटरलाच उंच इमारत सुरू होते. अबू धाबीने २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय धर्तीची संहिता स्वीकारली. दुबईत निरनिराळ्या प्राधिकरणांचे वेगवेगळे नियम होते. ते एकत्र करून २०२१ मध्ये दुबई बांधकाम संहिता आली. बलदियाचा पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावाचून येथे इमारत वापरात येत नाही. त्यामुळे अख्खी इमारतच अनधिकृत असणे येथे जवळजवळ अशक्य आहे.

मग येथे सर्व आलबेल आहे काय? तसे नाही. महाराष्ट्रात इमारत अनधिकृत असते. येथे इमारत अधिकृत आणि तिच्या पोटातील खोल्या अनधिकृत असतात. देरा, सतवा, करामा, शारजाचा रोला भाग येथील जुन्या, कमी उंचीच्या इमारती हा कष्टकऱ्यांचा आणि लहान नोकरदारांचा आसरा आहे. त्या पाडल्या गेल्या की त्यांच्या जागी त्याच भाड्याची घरे उभी राहत नाहीत. उरलेल्या घरांत मग प्लायवुडच्या आणि जिप्समच्या भिंती उभ्या राहतात. दिवाणखान्याच्या चार खोल्या होतात, सज्जात खाट पडते, आणि ‘बेडस्पेस’ या नावाखाली माणसाला निजण्यापुरती जागा भाड्याने मिळते. नकाशात ज्या खोलीला खिडकी होती तिचे चार भाग झाले की तीन भागांना खिडकी उरत नाही. दोन बिऱ्हाडांसाठी मोजलेल्या जिन्यावरून वीस माणसांनी धावावे, अशी वेळ येते. १५ एप्रिल २०२३ रोजी देरा भागातील अल रास येथे एका निवासी इमारतीस आग लागून १६ जणांचा मृत्यू झाला; त्यांत आपले भारतीय बांधवही होते. इमारतीत सुरक्षाविषयक अटींचे पालन झालेले नव्हते, असे प्राथमिक चौकशीत आढळल्याचे सिव्हिल डिफेन्सने सांगितले. जून २०२५ मध्ये दुबई महानगरपालिकेने रिग्गा, मुरक्कबात, सतवा, बरशा, रफा आदी भागांतील बेकायदेशीर पार्टिशनांविरुद्ध मोहीम उघडली. मोहीम योग्यच होती. परंतु त्या खोल्यांतून निघालेल्या माणसाला परवडेल अशी कायदेशीर खोली कोठे आहे, या प्रश्नाचे उत्तर मोहिमेत नसते. ते लहान, साध्या आणि नियमांत बसणाऱ्या इमारती पुरेशा बांधल्या जाण्यातच आहे.

येथे काही वाचक म्हणतील, “डॉक्टरसाहेब, आगीत माणसे मरतात आणि तुम्ही नियम सैल करा म्हणता!” आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. प्रस्तुत लेखक नियम सैल करा असे म्हणत नाही. सूट कशात द्यावी आणि कशात देऊ नये, याचा विवेक करा, असे त्याचे म्हणणे आहे. लंडनमध्ये १४ जून २०१७ रोजी ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ जणांचा बळी गेला. त्यानंतर इंग्लंडने नियम कडक केले आणि १८ मीटर व त्याहून उंच नव्या निवासी इमारतींना ३० सप्टेंबर २०२६ पासून दुसरा जिना अनिवार्य ठरविला. मात्र १८ मीटरखालील इमारतींस ती सक्ती लावली नाही. अमेरिकेतील सिएटल शहरात सहा मजल्यांपर्यंतच्या निवासी इमारतीस एकच जिना अनेक दशकांपासून चालतो. परंतु तेथे एका मजल्यावर चारांहून अधिक सदनिका नसाव्यात, आणि आग विझविणारे पाण्याचे फवारे असावेत, अशा अटी आहेत. तात्पर्य, सुरक्षितता तीच ठेवून साधन बदलता येते. लहान इमारतीत माणसे थोडी असतात, दारापासून जिना चार पावलांवर असतो आणि अग्निशमन दलाची शिडी खिडकीपर्यंत पोहोचते. हे ध्यानात घेऊन केलेला नियम सैल नव्हे. तो मापाचा नियम होय.

आपल्याकडे नेमके उलटे घडले. जे सैल करावयास नको होते ते सैल झाले. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या आणि प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतींना दोन इमारतींमधील मोकळ्या जागेबाबत सवलती दिल्या गेल्या. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये तळमजला अधिक सात मजल्यांच्या इमारती एकमेकींपासून अवघ्या तीन मीटरांवर उभ्या आहेत. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या साडेत्रेसष्ट अंशांच्या सूत्राने तेथे सुमारे अकरा मीटर अंतर हवे होते. परिणाम काय झाला? ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या पुढाकाराने झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नटवर पारेख आणि लल्लुभाई कंपाउंड या वसाहतींतील खालच्या मजल्यांवर, जेथे ऊन आणि वारा पोहोचत नाही तेथे, क्षयाचे रुग्ण अधिक आढळले. जेथे मोकळी जागा अधिक होती अशा तिसऱ्या वसाहतीत रोगाचे प्रमाण पुष्कळ कमी होते. डॉक्टर या नात्याने मी एवढेच म्हणेन की, गरिबाची फुप्फुसे श्रीमंताच्या फुप्फुसांहून वेगळी नसतात. प्रकाशाचा एक नियम विकत घर घेणाऱ्यास आणि दुसरा फुकट घर मिळणाऱ्यास, ही विषमता सिमेंटमध्ये ओतलेली विषमता आहे. जुन्या गावात वस्तीची जागा ठरवून माणूस वेगळा ठेवला जात असे. येथे ते काम अंतराचे माप करते.

सवलत चुकीच्या जागी दिल्याचे दुसरे उदाहरण वाहनतळाचे. गाड्यांसाठी जागा सोडण्याची अट आणि तळमजल्यावरील मोकळा वाहनतळ चटईक्षेत्रात न धरण्याची सवलत, या दोहोंमुळे नुसत्या खांबांवर उभ्या असलेल्या इमारतींची चाल पडली. वर भिंती आणि खाली केवळ खांब, अशी इमारत भूकंपात खालच्या बाजूस दुबळी ठरते. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत याच धर्तीच्या कितीतरी इमारती कोसळल्या, आणि त्यांत चार मजली पुष्कळ होत्या. गाडीची सोय पाहिली गेली, पायांचे बळ पाहिले गेले नाही.

मग मापाचा नियम कोणता? प्रस्तुत लेखकाच्या मते लहान इमारतीस गाड्यांची सक्ती शिथिल करावी. रेल्वे वा बसस्थानकाजवळच्या आठ बिऱ्हाडांना आठ गाड्यांच्या जागेची गरज नसते. बाजूचे अंतर भूखंडाच्या रुंदीच्या प्रमाणात ठरवावे. शेजाऱ्याची संमती असेल तेथे एका बाजूस भिंतीला भिंत लावू द्यावी आणि मागे-पुढे भरपूर उजेड घ्यावा. स्ट्रेचर मावेल अशी मोठी लिफ्ट परवडत नसेल तर चाकाची खुर्ची मावेल एवढी तरी लिफ्ट बसवू द्यावी, कारण मोठ्या लिफ्टच्या अटीपायी लिफ्टच न बसविणे वृद्धांना घातक आहे. मंजुरीची फी आणि मुदत इमारतीच्या मापाची असावी. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने लहान भूखंडांवरील कमी धोक्याच्या बांधकामांसाठी मंजुरीची सोपी पद्धत आणली, हे योग्य दिशेचे पाऊल आहे. परंतु उजेड, वारा, जिन्याची मोकळी वाट, आगीला दाद न देणारे दार आणि खांबांची मजबुती यांत कोणासही, कोणत्याही योजनेखाली सूट नसावी.

हे झाले शासनाचे कर्तव्य. आपलेही कर्तव्य आहे, आणि ते पैशाशी निगडित असल्याने अधिक तातडीचे आहे. आपल्यापैकी अनेक जण येथून पैसे पाठवून कल्याण, वसई, पनवेल, नागपूर, औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे लहान इमारतीत सदनिका घेतात. अशा वेळी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार ज्या प्रकल्पाची जमीन पाचशे चौरस मीटरपेक्षा अधिक नाही किंवा ज्यात आठांपेक्षा अधिक सदनिका नाहीत, त्यास नोंदणी सक्तीची नाही. म्हणजे आपल्यासारख्यांना परवडणारी लहान इमारत बहुधा याच कवचाबाहेर राहते. तेथे आपली काळजी आपणच घ्यावयाची आहे. मंजूर नकाशाची प्रत पाहावी आणि प्रत्यक्ष मजले मोजावेत. भोगवटा प्रमाणपत्रावाचून ताबा घेऊ नये. रचना अभियंत्याचे नाव आणि सही कागदावर आहे काय ते पाहावे. इमारत तीस वर्षांची झाली असल्यास रचनात्मक तपासणीचा अहवाल मागावा. चुलतभाऊ म्हणतो म्हणून किंवा दर स्वस्त आहे म्हणून बयाणा देऊ नये.

या सूचना कोणास अतिसावधपणाच्या वाटतील. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड येथे कोसळलेली पाच मजली तारिक गार्डन ही इमारत दहा वर्षांचीही नव्हती. त्यात १६ जण गेले. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर येथे चार मजली इमारत कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावरील नर्सिंग होमच्या दुरुस्तीत खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. ज्या वास्तूत रोग्यास बरे करावयाचे तिनेच घात करावा, ही गोष्ट डॉक्टरच्या मनास विशेष लागते. २७ ऑगस्ट २०२५ रोजी मध्यरात्रीनंतर विरार येथे रमाबाई अपार्टमेंट ही चार मजली इमारत कोसळली आणि तेथेही १७ जणांचा बळी गेला. ती अनधिकृत होती. ज्या माउलीचे नाव आपण घराघरांत आदराने घेतो ते नाव पाटीवर असल्याने खांब मजबूत होत नाही. पाटीवरील नाव पाहून विश्वास टाकण्याची आपली सवय आपण सोडली पाहिजे.

येथील घरांबाबतही असेच. आपल्या सदनिकेत पार्टिशन घालून भाडेकरू ठेवू नयेत. जिन्यात आणि दारासमोरच्या बोळात चपलांची कपाटे, सायकली, रिकामी खोकी ठेवू नयेत. धुराच्या वेळी तीच वाट असते. धुराची सूचना देणारे यंत्र वाजत असेल तर त्यावर कापड बांधण्याऐवजी पहारेकऱ्यास कळवावे. आपल्या गावाकडचा एखादा मुलगा नव्याने आला आणि बेडस्पेस शोधू लागला तर आपण त्यास एकच प्रश्न विचारावयास शिकवावे: “खोलीला खिडकी आहे का, आणि ती उघडते का?”

आपल्या समाजात आज स्थापत्य अभियंते आहेत, वास्तुविशारद आहेत, वकील आहेत, महापालिकेत अधिकारी आहेत. ज्यांच्या आजोबांना गावाबाहेर दुसऱ्याने नेमून दिलेल्या जागी राहावे लागले, त्यांची नातवंडे आज नकाशांवर सही करतात, ही सामान्य गोष्ट नव्हे. अशा मंडळींनी मायदेशी घर घेणाऱ्या आपल्या कुटुंबांचे नकाशे आणि दाखले तपासून देण्याचे काम महिन्यातून एक शुक्रवार जरी हाती घेतले, तरी अनेकांची आयुष्यभराची पुंजी आणि काहींचे प्राण वाचतील. रक्तदान शिबिरे आपण भरवितोच. त्याच जोडीने नकाशा-तपासणी शिबिरही भरवावे. प्रस्तुत लेखकास खांबाच्या सळया मोजता येत नाहीत, परंतु त्या शिबिरात एका टेबलाशी बसून प्रत्येक नकाशातील खिडक्या मोजण्याचे काम तो आनंदाने करील.